पाचव्या चाकाची नोंद : मोटारींची मासिके पडद्यावर गेली तेव्हा

२ नोव्हेंबर १८९५, शनिवार. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातून ‘द ऑटोकार’ नावाच्या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्या दिवशी ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारी अगदी मोजक्या होत्या, आणि ज्या होत्या त्यांना वस्तीत ताशी २ मैल व वस्तीबाहेर ताशी ४ मैलांहून अधिक वेगाने जाण्यास कायद्याची मनाई होती. ही मर्यादा ताशी १४ मैलांवर नेणारा कायदा अमलात आला तो थेट पुढच्या वर्षी, १४ नोव्हेंबर १८९६ रोजी. म्हणजे मोटार रस्त्यावर मोकळेपणाने धावू लागण्याआधीच तिचे साप्ताहिक वाचकांच्या हाती पडत होते.

मोटारविषयक पत्रकारितेच्या इतिहासाचा प्रारंभ सहसा याच अंकापासून धरतात, म्हणून आजचा धागाही तिथूनच सुरू करते. पण माझा खरा विषय अलीकडचा आहे. गेल्या दोन दशकांत हे पत्रकार छापील अंक सोडून संकेतस्थळांवर आणि पुढे चित्रफितींकडे वळले. या स्थलांतराविषयी जे लिहिले जाते ते बहुधा धंद्याच्या अंगाने, खप आणि जाहिरातींच्या भाषेत. मला ते पुराव्याच्या अंगाने पाहायचे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘पूर्वीची छापील पत्रकारिता निःस्पृह होती, पडद्यावर आल्यावर ती कंपन्यांच्या दावणीला बांधली गेली’ असे एक सोयीचे चित्र रंगवले जाते. ‘द ऑटोकार’चा पहिला संपादक हेन्री स्टर्मी हा मूळचा सायकलविषयक नियतकालिकांतला माणूस. सायकलच्या गिअरमुळे ज्यांना ‘स्टर्मी-आर्चर’ हे नाव ठाऊक आहे, त्यातला स्टर्मी हाच. १८९६ मध्ये कॉव्हेंट्रीत डेमलर मोटार कंपनी उभी राहिली तेव्हा हा संपादक तिच्या संचालक मंडळावर जाऊन बसला. १८९७ च्या ऑक्टोबरात त्याने स्वतःची डेमलर ब्रिटनच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, सुमारे ९२९ मैल चालवत नेली. ती बातमी होती, पराक्रम होता आणि जाहिरातही होती. तिन्ही गोष्टी एकाच आसनावर बसून प्रवास करत होत्या. पत्रकार आणि निर्माता यांच्यातली ही जवळीक इंटरनेटने आणलेली नाही. ती या व्यवसायाच्या जन्मपत्रिकेतच आहे.

मग छापील मासिकाने नेमके काय कमावले? माझ्या मते, पद्धत. १९२८ मध्ये ‘ऑटोकार’ने ऑस्टिन सेव्हनच्या एका आवृत्तीपासून रोड टेस्टची रीत घालून दिली. गाडी ठरलेल्या निकषांवर तपासायची आणि निष्कर्ष ठरलेल्या साच्यात छापायचे. वेग, थांबायला लागणारे अंतर, इंधनाचा खप, वजन, किंमत. पुढच्या काळात गाडीच्या मागे सायकलचे वाटावे असे एक ‘पाचवे चाक’ जोडून वेग मोजला जाई, कारण गाडीच्या स्वतःच्या वेगमापकावर भरवसा ठेवायचा नाही, हा परीक्षकांचा पहिला नियम होता. त्यांची शैली मला कित्येकदा रटाळ वाटते. दोष सांगायचा झाला तरी इतक्या आडवळणाने सांगायचा की वाचकाने ओळींच्या मधले वाचावे! पण आकडे मात्र आडवळण घेत नाहीत. तोच साचा दशकानुदशके चालल्यामुळे १९३५ ची गाडी आणि १९६५ ची गाडी एकमेकींशेजारी ठेवता येते. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर ती सलग मालिका आहे, आणि सलग मालिका मिळणे ही संशोधकाची चैन असते.

आपल्याकडे ही परंपरा थेट मुंबईत पोहोचली. १९९८ मध्ये आदिल जाल दारूखानावाला यांच्या संपादकत्वाखाली ‘ओव्हरड्राइव्ह’ निघाले, आणि १९९९ मध्ये होर्मझ्द सोराबजी यांच्या संपादकत्वाखाली ‘ऑटोकार इंडिया’. कॉव्हेंट्रीतले ते नाव १०४ वर्षांनी भारतीय मुखपृष्ठावर आले. काळही अगदी नेमका होता. ह्युंदाईची सँट्रो, देवूची मॅटिझ आणि पिंपरीत तयार होणारी टाटांची इंडिका या तिन्ही गाड्या १९९८ च्या एकाच वर्षात आल्या. ज्या देशात गाडी निवडणे म्हणजे मुख्यतः वाट पाहणे होते, तिथे एकदम तुलना करण्याची वेळ आली आणि तुलना करणारी मासिके त्याच सुमारास हजर झाली.

माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय उदारीकरणानंतर पुणे-पिंपरी परिसरातील मध्यमवर्गाच्या घरी आलेली खासगी मोटार हा आहे, म्हणून या मासिकांशी माझा संबंध आला. रद्दीच्या दुकानांतून वजनावर घेतलेले सदतीस अंक माझ्या खोलीत आहेत. त्यांपैकी एका अंकात गाड्यांच्या किमतींच्या तक्त्याशेजारी कोणा अनोळखी वाचकाने पेन्सिलीने हप्त्याचा हिशेब मांडला आहे. आधी साठ महिन्यांचा, मग तो खोडून चौऱ्याऐंशी महिन्यांचा, आणि खाली एका गाडीच्या नावाभोवती दोनदा गिरवलेले वर्तुळ. कंपनीच्या विक्रीच्या आकड्यांतून हा माणूस मला कधीच भेटला नसता.

अडचण सुरू होते ती साधारण २००८ च्या पुढे. त्या वर्षांतल्या चाचण्या प्रथम संकेतस्थळांवर आल्या. काही तर फक्त तिथेच आल्या. माझ्या टिपणांत अशा पंचवीस दुव्यांची यादी होती. त्यांतले एकोणीस आज उघडत नाहीत, किंवा उघडतात ते थेट मुखपृष्ठावर, जिथे यंदाच्या दिवाळीच्या सवलती झळकत असतात. १९९९ ची सँट्रो माझ्या हातात आहे आणि २०१० ची गाडी धुक्यात आहे. सामान्यतः काळ जितका जुना तितका पुरावा विरळ, असे आपण शिकतो. इथे उलट झाले.

हे केवळ माझ्या यादीचे दुर्दैव नाही. ब्रिटनमधला एक प्रसंग पाहा. १९९८ मध्ये ‘परफॉर्मन्स कार’ हे मासिक बंद पडले. त्यातली काही मंडळी आणि हॅरी मेटकाफ नावाचा मोटारवेडा शेतकरी यांनी एकत्र येऊन त्याच वर्षी ‘ईव्हो’ हे नवे मासिक काढले. एक छापील मासिक संपले म्हणून दुसरे छापील मासिक काढायचे, हे तेव्हा स्वाभाविक होते. दहा वर्षांनी चित्र पालटले. ‘ऑटोकार’ आणि ‘ईव्हो’मध्ये नाव कमावलेले ख्रिस हॅरिस, रिचर्ड मीडन, जेथ्रो बोव्हिंगडन प्रभृती २००८ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ‘ड्रायव्हर्स रिपब्लिक’ उभारले. ते फक्त ऑनलाइन होते. नावातच प्रजासत्ताक! पण तो जागतिक मंदीचा काळ होता. २००९ मध्ये हे प्रजासत्ताक मिटले आणि त्यातले लेखक पुन्हा छापील पानांकडे वळले.

आता यातला गंमतीचा, खरे तर क्लेशाचा भाग असा. ब्रिटनमध्ये प्रत्येक छापील प्रकाशनाची प्रत ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचे बंधन जुने आहे. १९११ च्या कायद्याने ते पक्के केले. त्यामुळे बंद पडलेले ‘परफॉर्मन्स कार’ आजही मागवून वाचता येते. अमुद्रित प्रकाशनांना हे बंधन लागू करणारे नियम मात्र अमलात आले ते ६ एप्रिल २०१३ रोजी. ‘ड्रायव्हर्स रिपब्लिक’ जन्मले आणि संपले ते या दोन तारखांच्या मधल्या खिंडीत. ज्यांना आपल्या पिढीतले सर्वोत्तम मोटारलेखक मानले जाते त्यांचा पहिला ऑनलाइन प्रयोग, आणि त्याची प्रत जमा करून घेण्याचे बंधन कोणावरच नव्हते. त्या काळातल्या अनेक ऑनलाइन अंकांची पाने फ्लॅश या तंत्रावर उलटत. अडोबी कंपनीने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. म्हणजे एखादा अंक कोणी जपून ठेवला असला, तरी तो उघडण्याची किल्ली हरवलेली!

तरीही हे स्थलांतर म्हणजे केवळ ऱ्हास, असे मी म्हणणार नाही. २०११ च्या फेब्रुवारीत याच ख्रिस हॅरिसने जलोपनिक या अमेरिकी संकेतस्थळावर फेरारीविषयी एक लेख लिहिला. पत्रकारांना चाचणीसाठी दिल्या जाणाऱ्या गाड्या कशा खास सज्ज केलेल्या असतात, सोबत कंपनीचे तंत्रज्ञ कसे येतात, सरळ रेषेतल्या वेगासाठी एक गाडी आणि वळणांसाठी दुसरी कशी पाठवली जाते, असा त्याचा आशय होता. फेरारीने त्याला गाड्या देणे थांबवले. ते संबंध पुढे काही काळाने सुरळीत झाले. ज्या मासिकाला पुढच्या महिन्याच्या मुखपृष्ठासाठी तीच लाल गाडी हवी असते, त्याने हा लेख छापला असता का? मला शंका आहे. दरमहा मुखपृष्ठ भरण्याची सक्ती नसणे हेही एक प्रकारचे स्वातंत्र्यच होते.

पुराव्याच्या दृष्टीनेही लाभ आहेत. छापील पान इंजिनाचा आवाज देत नव्हते, चित्रफीत देते. ‘ईव्हो’च्या त्या शेतकऱ्याने, मेटकाफने, पुढे यूट्यूबवर ‘हॅरीज गॅरेज’ सुरू केले. तिथे तो स्वतःच्या मालकीच्या गाड्यांचा देखभालखर्च प्रेक्षकांपुढे मांडतो. कंपनीकडून आठवड्यापुरती उसनी आलेली गाडी काय सांगते आणि पदरमोड करून वर्षानुवर्षे सांभाळलेली गाडी काय सांगते, यातला फरक संसार केलेल्याला वेगळा सांगावा लागू नये. शंभर वर्षांनी विसाव्या शतकातल्या महागड्या मोटारींच्या मालकीचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या चित्रफिती सोन्याच्या मोलाच्या वाटतील. अर्थात, त्या तेव्हा असतील तर.

कारण आता हा पुरावा लेखकाच्या, प्रकाशकाच्या किंवा ग्रंथालयाच्या नव्हे, तर चौथ्याच कोणाच्या तिजोरीत आहे. अमेरिकेत ६ डिसेंबर २०१९ रोजी टेन पब्लिशिंगने आपल्या २२ मोटारविषयक मासिकांपैकी १९ मासिकांची छपाई थांबवत असल्याचे जाहीर केले. उरली तीन. त्यांतले ‘हॉट रॉड’ १९४८ च्या जानेवारीतले. रॉबर्ट पीटरसन याने त्याचा पहिला अंक लॉस एंजेलिसमधल्या एका मोटार प्रदर्शनाच्या पायऱ्यांवर उभे राहून २५ सेंटला विकला होता. पायऱ्यांवर विकलेला तो अंक आज संग्राहकांच्या कपाटांत आहे, कारण तो विकला गेला, हजारो घरांत विखुरला. विखुरणे हीच छापील गोष्टीची सुरक्षितता. संकेतस्थळ कोट्यवधींनी वाचले तरी ते एकाच ठिकाणी राहते, आणि त्या ठिकाणचे भाडे थकले की सर्वांसाठी एकदम नाहीसे होते.

भारतात तर कायद्याचे छत्रही अपुरे आहे. छापील ग्रंथांच्या प्रती ग्रंथालयांत जमा करण्यासंबंधीचा आपला कायदा १९५४ चा, त्यात वृत्तपत्रे आली ती १९५६ च्या दुरुस्तीने. तो कागदाविषयी बोलतो. संकेतस्थळाला तो ओळखत नाही. उरते ती अमेरिकेतल्या इंटरनेट आर्काइव्हची वेबॅक मशीन. माझ्या एकोणीस मृत दुव्यांपैकी सात तिथे सापडले. त्यांतल्या चारांत मजकूर आहे पण आकड्यांचा तक्ता नाही, कारण तक्ता वेगळ्या ठिकाणाहून मागवला जात असे आणि ते ठिकाण जतन झालेले नाही. नेमकी पाचव्या चाकाची नोंदच गळून पडलेली.

प्रबंधाच्या त्या प्रकरणात आता मी विमा कंपन्यांची कागदपत्रे आणि विक्रेत्यांची जुनी पत्रके वापरून दहा वर्षांची पोकळी भरू पाहते आहे. ऑनलाइन जे वाचते त्याची प्रत तारखेसह त्याच दिवशी उतरवून ठेवते, आणि वेबॅक मशीनवरही नोंदवते. यांतले काही चित्रफितींना लागू पडत नाही. त्यांचे काय करावे याचे उत्तर माझ्या मार्गदर्शकांपाशीही नाही.

या धाग्याच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर १९९८ ते २००८ या काळातले मोटारविषयक अंक असतील, तर रद्दीत देण्यापूर्वी कृपया मला कळवावे. मुखपृष्ठ फाटलेले, पाने दुमडलेली, समासात हिशेब केलेले अंक अधिक पसंत. रद्दीच्या भावापेक्षा किलोमागे पाच रुपये जास्त देण्याची तयारी आहे. शिष्यवृत्ती वेळेवर आली तर दहा.