पहिला वर्ग गाडीत कुठे जोडावा?

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाडमार्गे मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या ‘शकुंतले’ला १९९४पर्यंत वाफेचे इंजिन होते. वाफेच्या गाडीत इंजिनालगतच्या डब्याला धूर आणि ठिणग्या प्रथम भेटत. पहिला वर्ग कुठे जोडावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ मऊ गादीचा नव्हता.

२४ डिसेंबर १८४१. इंग्लंडात रेडिंगजवळ सॉनिंग येथे रुळांवर दरड कोसळलेली. तिसऱ्या वर्गाचे उघडे डबे जोडले होते इंजिन आणि जड मालवाघिणी यांच्या मधोमध! इंजिन दरडीत रुतले, मागचा भार पुढे रेटला गेला आणि नऊ जण दगावले. त्या डब्यांत बरेचसे पाथरवट होते, नाताळासाठी घरी निघालेले. १८४४च्या कायद्याने या वर्गाला छप्पर व बाके मिळाली.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस-कुर्ला मार्गावर विजेची लोकल धावली. तेथला धूर सरला. आज प्रवाशाचे लक्ष असते पुलाच्या जिन्याकडे. डबा त्यासमोर थांबला की गर्दी टळते. पहिल्या वर्गाची जागा फलाटावरचे तिरपे पट्टे दाखवतात. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, ते सारे याच वर्गाच्या डब्यांत.