वीणेचे तिकीट



समुद्रपूरहून आळंदी म्हणजे पूर्वी एसटीने वर्धा आणि पुढे रात्रभर रेल्वे. गेल्या कार्तिकीला नातवाने स्वस्तातल्या विमानाची तिकिटे काढली. स्वस्त कशाला म्हणतात ते नागपूरच्या विमानतळावर कळले. हातातले सामान सात किलो, खाली द्यायचे पंधरा. खिडकीच्या जागेचे पैसे निराळे, चहाचे निराळे. त्याची तक्रार नाही, एसटीतही पोत्याचे तिकीट काढावे लागते.

अडले ते वीणेवर. कीर्तन थांबले तरी आळंदीला वीणेशिवाय जाणे जिवावर येते. मापात बसत नाही, खाली द्या, नाहीतर तिची सीट घ्या, असे ती मुलगी म्हणाली. सप्ताहात आपण अहोरात्र वीणा खाली टेकू देत नाही; एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती बॅगांच्या ढिगात कशी द्यावी? घेतली सीट. माझ्या तिकिटाहून महाग पडली.

"आबाजी, एवढ्यात रेल्वेच्या एसीत दोघंही गेलो असतो!"

विमान तीन तास उशिरा. दोन तासांहून अधिक खोळंबा झाला की अशा जवळच्या प्रवासाला फराळपाणी द्यावे, असा सरकारी नियम आहे. मागितल्यावर सॅण्डविच आले. एकादशीला!

पुण्याचे विमान उतरते ते लोहगावात. तुकोबारायांचे आजोळ ते, तिथे त्यांची कीर्तने झाली. विमानातल्या घोषणेत हे कुठून यावे? नातवाला मीच सांगितले. पट्टा सोडून वीणा गळ्यात घातली. आळंदीला पोचलो तेव्हा जागर सुरू झाला होता.