कुरुंद्याला जाल तेव्हा

वाचकहो, वसमत तालुक्यातील कुरुंद्याला जायचे असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. हळद काढणीचे दिवस असतात. शिवारात शिजत्या हळदीच्या वाफा, खळ्यावर पिवळेधमक वाळवण आणि हवेला तोच वास. वास काही फोटोत येत नाही. बाकीचे सारे येते, पण कॅमेऱ्याला थोडे सांगावे लागते. आता घरोघरी मोबाईल आहे, म्हणून हा विषय.

आमच्या नोकरीच्या सुरुवातीला ३६ फोटोंचा रोल असे. बटण दाबण्याआधी दहादा विचार करायचा. आज मोजावे लागत नाही, म्हणून कोणी पाहतही नाही!

आपली जमीन काळी. कॅमेऱ्याला ते कळत नाही. त्याला वाटते उजेडच कमी आहे. मग तो सगळे उजळ करतो, आणि धोतर, पागोटे, हळदीचा ढीग पांढराफटक पडतो. अशा वेळी पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाईलवर शेजारी सूर्याचे चिन्ह येते, ते जरा खाली ओढा.

हळदीच्या रंगाची गंमत वेगळीच. सगळीकडे पिवळे दिसले की कॅमेरा ते ‘सुधारायला’ जातो आणि हळद फिकी पडते. ‘प्रो’ प्रकारात ‘व्हाइट बॅलन्स’ असतो, तो उन्हाच्या चिन्हावर ठेवा. निळ्या ताडपत्रीखाली मात्र कोणतीच युक्ती चालत नाही. मूठभर हळकुंडे बाहेर उन्हात आणा.

पॉलिशचा ड्रम फिरताना किंवा पोरे धावताना शटर १/५०० सेकंद ठेवा, म्हणजे चित्र थिजते. ड्रम फिरतोय हे दाखवायचे असेल तर १/३० करा, पण मोबाईल ट्रॉलीच्या फळीला टेकवून धरा. ‘आयएसओ’ दिवसा १०० पुरे. संध्याकाळी वाढवावा लागतो, मग फोटो दाणेदार होतो.

टोकाईच्या गडावर दुपारी फोटो काढू नका, शिवार धुरकट दिसते. सकाळी चढा. तिथून औंढा नागनाथला जाणार असाल तर मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरील कोरीव मूर्ती तिरप्या उन्हातच उठून दिसतात.

हे मला उशिरा कळले. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात पुराचे पाणी शिरले, शेते बुडाली. पीकविम्यासाठी त्या वेळी ७२ तासांत नुकसानीची सूचना द्यावी लागे. एका शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून मी घाईघाईने चाळीस फोटो काढले. आभाळ आणि पाणी दोन्ही उजळ, म्हणून कॅमेऱ्याने उरलेले सारे काळे केले. काळ्या जमिनीच्या नेमके उलट! शेत कोणते आणि तळे कोणते हे ओळखू येईना. लोकेशनही बंद होते. चूक माझीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तोवर पाणी ओसरू लागले होते, आणि तो शेतकरी मला काही बोलला नाही, हे जास्त लागले.

त्याच्या शाळकरी मुलीने मग आपल्या मोबाईलवरचा एक फोटो दाखवला. बाभळीच्या बुंध्याला मोबाईल टेकवून, पिकावर बोट ठेवून काढलेला. पाण्यावर कोवळ्या सोयाबीनचे शेंडे, ओळीने, मोजता येतील असे. कडेला त्यांची विहीर. तोच एक फोटो अर्जाला जोडला.