बैठे काम आणि शरीर

लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे, तर वाहक जिन्याच्या शेकडो पायऱ्या चढे-उतरे. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवले, की वाहकांना हृदयविकार कमी होतो. चालक नोकरीला लागतानाच अधिक स्थूल असत, हे पुढे मॉरिस यांच्याच गटाला गणवेशांच्या मापांवरून दिसले. स्वतःच्याच निष्कर्षाची अशी कसून तपासणी दुर्मीळच. तरीही हालचालीचे महत्त्व नंतरच्या अभ्यासांत टिकून राहिले.

कारण स्नायूंत आहे. आकुंचन पावणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या फारशा मदतीविनाही ओढून घेतो. पोटऱ्या पायांतले रक्त हृदयाकडे वर ढकलतात. तासन्‌तास बसल्यावर दोन्ही कामे मंदावतात. म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटांची शतपावली खरोखर उपयोगी ठरते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचवते. सुरुवात मात्र थोडक्यापासूनच करावी.

हालचालीच्या जोडीला आहारात ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक पुरेसे आहे. महागड्या प्रथिन-पावडरींची गरज नाही. कमी करायची ती चहातली साखर आणि कामाच्या टेबलावरचे फरसाण.