धावून आल्यानंतरचा बैल

पनवेलच्या पट्ट्यात बैलगाडी शर्यतींबद्दल कोणी शंका काढली की पहिला सवाल ठरलेला असतो: महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोडे पळवलेले चालतात, मग शेतकऱ्याचा बैलच का डोळ्यांत सलतो? हा सवाल झटकून टाकण्यासारखा नाही. खेळात आणि प्रदर्शनात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केंद्र सरकारने 2011च्या जुलैमध्ये बैलाचा समावेश केला. मे 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या शर्यतीही बंद केल्या आणि त्या पुन्हा कायदेशीरपणे सुरू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला. या सगळ्या काळात घोड्यांच्या शर्यतींवर अशी बंदी आली नाही. श्रीमंतांचा खेळ सांभाळला आणि आमचा तेवढा क्रूर ठरवला, ही गावाची भावना मला खरी वाटते. पण त्या तक्रारीतून ‘म्हणून आम्हालाही विचारू नका’ असा निष्कर्ष निघत नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारा, एवढाच निघतो.

2014च्या निकालाचा एक आधार असा होता की बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, त्याची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही. ते बरोबरच आहे, पण ते अर्धंच झालं. कारण घोड्याची रचना धावण्यासाठी असूनही तो शर्यतीत मोडतो. साडेचारशे-पाचशे किलोचा थरोब्रेड भरधाव असताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. सरावात हाडांना बारीक तडे जातात, ते भरून यायला विश्रांती लागते, आणि ती मिळाली नाही की एके दिवशी सगळ्यांसमोर पाय मोडतो. मोडलेला पाय जोडला तरी संकट टळत नाही, कारण घोडा आठवडेच्या आठवडे आडवा पडून राहू शकत नाही. उरलेल्या पायांवर भार पडून त्यांच्या खुरांना सूज येते. अमेरिकेतला प्रसिद्ध घोडा बार्बारो 2006च्या शर्यतीत जायबंदी झाला. शस्त्रक्रियेनंतर आठ महिने त्याच्यावर उपचार चालले आणि शेवटी याच दुखण्यामुळे त्याला दयामरण द्यावं लागलं. तेव्हा कोणता प्राणी कशासाठी घडला, एवढ्यावर भागत नाही. जमीन किती टणक, वय किती, विश्रांती किती आणि मागून किती मारलं, यावर त्याचं हाड टिकतं.

हे कळलं ते मोजल्यामुळे. अमेरिकेत 2008पासून घोड्यांच्या दुखापतींची नोंद एकत्र ठेवली जाते. 2009मध्ये शर्यतीतल्या दर हजार धावांमागे दोन घोडे मरत होते. 2022मध्ये ते प्रमाण सव्वापर्यंत उतरलं. सव्वासुद्धा मला जास्तच वाटतं. पण कोणत्या मैदानावर, कोणत्या वयात, किती दिवसांच्या अंतराने घोडे मोडतात हे आकड्यांत दिसू लागलं, म्हणून धावपट्ट्या आणि नियम बदलता आले. नॉर्वेने तर 1982मध्येच शर्यतीतला चाबूक बंद केला, तरी तिथल्या शर्यती थांबल्या नाहीत.

आपल्याकडे राज्याचा 2017चा कायदा आहे आणि त्याखालचे नियमही आहेत. पशुवैद्यकाचा दाखला लागतो, चाबूक-काठीला मनाई आहे, क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने मे 2023मध्ये हा कायदा उचलून धरला तो याच भरवशावर, की या नियमांनी जनावराच्या वेदना बऱ्याच कमी होतील. आणि नियम कडकपणे पाळले जातील हे पाहण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली. म्हणजे परवानगीचा सगळा डोलारा वेदना कमी झाल्या या विधानावर उभा आहे. ते तपासायचं कसं? धावण्याआधीचा दाखला बैल सशक्त असल्याचं सांगतो. पिरगळलेली शेपटी, पराणीची टोचणी, जोडीदाराच्या वेगाने फरफटल्यावर जुवाखाली सोललेला खांदा, खुराची फाट, हे सगळं अंतिम रेषेच्या पुढे दिसणार असतं. खरी तपासणी तिथे हवी, आणि तिची नोंद कोणालाही वाचता येईल अशी हवी. महालक्ष्मीच्या घोड्यांनाही हेच लागू.

परंपरेचं काय, असं विचारलं जाईल. परंपरेतला बैल वर्षभर चिखलणी-नांगरणी करून हाडापेराने मजबूत झालेला असे आणि सणाला, जत्रेला पळे. पनवेल-उरणची शेती 1970नंतर सिडकोच्या संपादनात गेली, उरलीसुरली विमानतळ आणि महामार्गांनी घेतली. आता गोठ्यात खुराकावर पोसलेला बैल टेम्पोतून दूरच्या मैदानावर जातो आणि तिथे जीव तोडून पळतो. नाव तेच राहिलं, त्याच्या अंगावरचा ताण मात्र वेगळा आहे. जमीन गेलेल्या माणसाला गोठ्यातला बैल हाच आपल्या शेतकरीपणाचा शेवटचा पुरावा वाटतो, हे मी समजू शकतो. तो हिरावून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

शर्यतींमुळे खिल्लार ही बैलांची जात टिकली, हा दावा त्याहून वजनदार आहे. ट्रॅक्टर आल्यावर चपळ बैलाला दुसरं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पण जात टिकते म्हणताना त्यातल्या एकेका जनावराचं पुढे काय होतं, हेही सांगावं लागेल. 2015पासून राज्यात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. लंगडा झालेला शर्यतीचा बैल विकता येत नाही, कामाला येत नाही आणि त्याचा खर्च थांबत नाही. विजेत्या बैलाची किंमत लाखांत सांगितली जाते, हरलेल्या लंगड्याची कोणी काढत नाही. बक्षिसाला मोटारसायकली, ट्रॅक्टर, चारचाकी गाड्या लागतात. त्या बक्षिसांच्या रकमेतला ठरावीक हिस्सा जायबंदी बैलांच्या उपचारासाठी आणि चाऱ्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवण्याची अट परवानगीतच घालता येईल. ज्या आयोजकाला एवढं परवडत नाही, त्याला परवानगी देऊ नये.