खापा ते दिंडोरी : रसनेची एक यात्रा

नागपूरच्या उत्तरेस, कन्हान नदीच्या काठी वसलेले खापा हे आमचे गाव होय. कोष्ट्यांच्या हातमागांमुळे पूर्वी त्याची ख्याती होती. भोवतालच्या टापूत संत्र्यांच्या बागा आहेत. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या अंबिया बहाराच्या फळात आंबटपणा किंचित अधिक असतो. माघ-फाल्गुनात येणारे मृग बहाराचे फळ त्याहून गोड. मुरलेला बागवान एक फोड तोंडात टाकून फळ वेळेवर तोडले की घाईने, हे सांगू शकतो.

अशा गावच्या निवृत्त शिक्षकास शॅम्पेनशी काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. आमचा पुतण्या नाशिकास नोकरीस असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही सर्व त्याच्याकडे गेलो असता त्याने दिंडोरीच्या बाजूची एक वायनरी दाखविण्याचा बेत केला. "भावजी, तुम्ही आणि दारूच्या कारखान्यात!" असे वहिनी म्हणाल्या. मद्यास आम्ही कधी शिवलो नाही व शिवणारही नाही. केवळ पाहू आणि वास घेऊ, असे सांगून त्यांचे समाधान केले. मद्याचा वास घेणेही मनुस्मृतीने दोषांत गणले आहे, एवढे मात्र सांगितले नाही.

खरे शॅम्पेन फ्रान्समधील त्याच नावाच्या प्रांतात, रँस व एपर्ने ह्या नगरांच्या आसपास होते. तेथे थंडी फार व जमीन खडूची, त्यामुळे द्राक्षांत आंबटपणा टिकून राहतो. एकदा आंबवून तयार झालेल्या मद्यात थोडी साखर व किण्व घालून ते बाटलीत बंद करितात. तेथे ते पुन्हा आंबते आणि निघणारा वायू आतच कोंडला जातो. त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे सहापट असतो. म्हणून बाटली जाड काचेची लागते. साध्या प्रतीलाही बाटलीत निदान १५ महिने ठेवण्याचा नियम आहे. एकाच सालच्या द्राक्षांच्या प्रतीला ३ वर्षे. नंतर बाटली हळूहळू उलटी करून गाळ तोंडाशी आणितात, तो गोठवून बाहेर काढितात, आणि शेवटी चवीपुरती साखर मिसळतात.

ह्या साखरेवरून प्रकार पडतात. लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल ते ब्रूट. ३२ ते ५० ग्रॅम असेल ते देमी-सेक. गंमत अशी की, 'एक्स्ट्रा ड्राय' हे नाव कोरडे असले तरी ते ब्रूटहून गोड असते. केवळ पांढऱ्या द्राक्षांचे ते ब्लाँ द ब्लाँ, केवळ काळ्यांचे ते ब्लाँ द न्वार, आणि गुलाबी ते रोझे.

महाराष्ट्रात ह्या पद्धतीचे बुडबुड्यांचे मद्य प्रथम नारायणगावी १९८० च्या दशकात होऊ लागले. पुढे तो उद्योग बंद पडला. नाशिकास सुला १९९९ साली स्थापन झाली, आणि २०१३ साली दिंडोरीची शांदों बाजारात आली. आपल्याकडे ऊन फार; म्हणून अशा मद्याची द्राक्षे आंबटपणा ओसरण्यापूर्वीच तोडितात.

आम्ही गेलो तेथे परीक्षण करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी प्याला उजेडात धरून बुडबुडे पाहिले, मग वास घेतला. एकात लिंबू व हिरवे सफरचंद, तर दीर्घकाळ ठेवलेल्या दुसऱ्यात भाजलेला पाव, असे त्यांनी सांगितले. पावाचा वास मेलेल्या किण्वामुळे येतो. पुढे घोट तोंडात घोळवून त्यांनी तो भांड्यात थुंकून टाकिला! गिळत गेल्यास पाचव्या प्याल्यास निवाडा राहत नाही, असे त्या म्हणाल्या. रसज्ञता व व्यसन ह्यांतील अंतर त्या एका कृतीत आम्हांस दिसले.

पण दिंडोरीच्या मद्यास कोणी शॅम्पेन म्हणत नाही. ते नाव त्या प्रांताचे, आणि तेथील लोक ते डोळ्यांत तेल घालून जपतात. ही कल्पना परकी नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षमद्यास देशावरून कापिशायन व हारहूरक अशी नावे दिलेली आहेत. नागपुरी संत्र्यासही २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु कायद्याने नाव मिळते, चव राखणे आपल्याकडेच राहते. घाईने तोडलेले आंबट फळ नागपुरी म्हणून विकले, तर घेणारा पुढच्या वर्षी त्या नावावर विश्वास का ठेवील?

आमच्या एकत्र कुटुंबाचीही लहानशी बाग आहे. ह्या वर्षापासून पेटीवर बहाराचे नाव व तोडणीची तारीख लिहावी आणि प्रत्येक तोडणीपूर्वी घरातील दोघांनी फळ चाखून पाहावे, असे आम्ही सुचविले आहे. धाकट्यांनी बाजारभावाची अडचण काढली. चाखणाऱ्यांत आपले नाव प्रथम असावे, ह्या अटीवर वहिनींनी मात्र संमती दिली आहे.