दडलेली ओळ

पोलोग्राउंडजवळील आमच्या बिऱ्हाडी लिनक्सचा एक संगणक आहे. परवा कित्येक महिन्यांनी त्यावर टर्मिनल उघडले, तो न बोलावताच पायथन पुढे येऊन बसला! दरेक नव्या खिडकीत तोच प्रकार. साधी आज्ञा लिहावी, तर हा व्याकरणदोष दाखवी. शेजारचा मुलगा कधीमधी त्या संगणकावर बसतो. "हा तुझाच खोडसाळपणा," असे मी त्याला रागे भरलो. बिचारा मान खाली घालून निघून गेला.

रात्री शोध घेतला. नवी खिडकी उघडताच बॅश हा आज्ञापालक 'बॅशआरसी' नावाची फाईल वाचतो. नावाआरंभी टिंब असल्याने ती सहसा दृष्टीस पडत नाही. तिच्या अखेरीस पायथनची आज्ञा होती आणि वर कोंकणीत टीप : 'दर दिसा मातशें शिकपाक' – रोज थोडे शिकण्यासाठी! सुट्टीतला माझाच संकल्प तो. मी विसरलो, यंत्र विसरले नाही.

त्या ओळीच्या आरंभी हॅश चिन्ह घातले. अशी ओळ बॅश नुसती टीप समजून सोडून देतो. नवी खिडकी निमूटपणे उघडली.

सकाळी त्या मुलाच्या दारी जाऊन क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, ओळ पुसली नाहीत ना? शिकायचं तर राहिलंच आहे!"